शून्य म्हणजे सगळं ठीक

दौंड जंक्शनवर गाडीला सिग्नल मिळण्याआधी काय काय घडतं, हे फलाटावरच्या माणसाला दिसत नाही. सोलापूरकडे जाणारा रूळ, मनमाडकडे वळणारा रूळ, बारामतीचा फाटा. यांतला एक मार्ग ठरला की वाटेतला प्रत्येक सांधा योग्य बाजूला वळलाय का, वळून घट्ट बसलाय का, पुढचा रूळ मोकळा आहे का, हे तपासलं जातं. एक जरी उत्तर ‘नाही’ आलं तरी सिग्नल उतरत नाही, मग कुणी कितीही घाई करो. सुरक्षितता माणसाच्या आठवणीवर सोडलेली नसते, ती यंत्रणेच्या रचनेतच असते. रेल्वेवाले याला इंटरलॉकिंग म्हणतात. जॉन सॅक्सबी यांनी त्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ साली घेतलं होतं.

आज सांगायचंय ते मात्र एका साध्या मजकुराच्या फाइलीबद्दल. चाळीस-पन्नास ओळींची ही फाइल एका कोऱ्या संगणकावर एआय एजंट बसवते, त्याच्या सेटिंग भरते, सगळं जागेवर आहे ना हे तपासते आणि मगच ‘चला’ म्हणते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. चांगल्या स्क्रिप्टचा स्वभाव दौंडच्या त्या सिग्नलसारखाच असतो: आधीची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही.

एआय एजंट हे नाव भारदस्त आहे, आतली गोष्ट मात्र थक्क करण्याइतकी सोपी. तुमच्या संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम असतो. तुम्ही त्याला मराठीत किंवा इंग्रजीत काम सांगता. तो ते दूरच्या सर्व्हरवरच्या भाषा-मॉडेलकडे पाठवतो. मॉडेल उत्तर देतं की या फोल्डरात काय आहे ते आधी बघ, त्यासाठी ही कमांड चालव. प्रोग्रॅम कमांड चालवतो आणि जे छापून आलं ते परत मॉडेलला दाखवतो. मॉडेल ते वाचून पुढची कमांड सांगतं. काम संपेपर्यंत ही फेरी चालू राहते. एवढंच. मॉडेलला हात नाहीत, डोळे नाहीत. त्याच्याकडे फक्त मजकूर जातो आणि मजकूर येतो.

म्हणून २०२५ मध्ये एक गंमत झाली. फेब्रुवारीत अँथ्रॉपिकचं क्लॉड कोड आलं, एप्रिलमध्ये ओपनएआयचं कोडेक्स सीएलआय, जूनमध्ये गूगलचं जेमिनी सीएलआय. जगातल्या सगळ्यात नव्या तंत्रज्ञानाची ही तिन्ही अवजारं उतरली ती टर्मिनलमध्ये, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, जी बघून बहुतेक लोक घाबरून खिडकी बंद करतात. रंगीत बटणं आणि माउस माणसाच्या डोळ्यांसाठी केलेले. मजकुरावर जगणाऱ्या मॉडेलला ही काळी खिडकीच सोयीची पडली.

आणि ही खिडकी किती जुनी! केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्स ही संगणकप्रणाली सुरू केली, तेव्हा कमांड टाइप करायला सहसा पडदा नसायचा. टेलीटाइप यंत्र होतं. कळ दाबली की कागदावर अक्षर खटकन उमटायचं, तेही रमतगमत. म्हणून कमांडची नावं दोन-दोन अक्षरांची: नक्कल करायला ‘सीपी’, हलवायला ‘एमव्ही’, पुसायला ‘आरएम’. आज शिरूरसारख्या गावातल्या एखाद्या मुलाच्या लॅपटॉपवर एजंट ज्या कमांड चालवतो त्या याच. स्क्रिप्टची कल्पना तर युनिक्सच्याही आधीची. लुई पूझां या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने १९६०च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये ‘रनकॉम’ नावाची सोय लिहिली: कमांड एका फाइलीत ओळीने लिहून ठेवायच्या आणि फाइल चालवायची. आजही बॅश या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची सेटिंग फाइल ‘बॅशआरसी’ म्हणवते. त्यातलं ‘आरसी’ त्या रनकॉमचंच.

आता धरा, शिरूरच्या एका कॉलेजात तीस संगणकांची लॅब आहे आणि सरांना प्रत्येकावर असा एजंट बसवायचाय. हाताने करायचं तर एका संगणकावर काय लागतं? एजंट ज्याच्या जोरावर चालतो ते नोड.जेएस किंवा पायथन आहे का बघा, नसेल तर टाका, जुनं असेल तर नवं टाका. एजंट डाउनलोड करा. तो कुठे बसलाय तो पत्ता संगणकाला कळवा. सेटिंगची फाइल लिहा: कोणतं मॉडेल, कोणत्या फोल्डरात काम, कोणत्या कमांडला परवानगी, कोणत्या कमांडला मज्जाव. मग एपीआय की द्या, म्हणजे तुमच्या खात्याचा गुप्त क्रमांक. शेवटी एखादा प्रश्न विचारून उत्तर येतंय का बघा. पहिल्या दोन संगणकांवर मजा वाटते. सातव्याला एखादी पायरी सुटते आणि कुठली सुटली हे विसाव्याला पोहोचेपर्यंत कळत नाही.

स्क्रिप्टने वेळ वाचतो हे खरं, पण मला तो तिचा दुय्यम गुण वाटतो. मोठा गुण हा की काय केलं ते लिहिलेलं राहतं. सरांची बदली झाली तरी फाइल कपाटात, म्हणजे फाइलींचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये, असते.

या लेखनातली पहिली चकित करणारी गोष्ट शून्याची. प्रत्येक कमांड संपताना गुपचूप एक आकडा मागे ठेवते. काम झालं तर शून्य. बिघडलं तर १ ते २५५ यांतला कुठलाही. शाळेत ज्याने मान खाली घालायला लावली तो शून्य इथे पैकीच्या पैकी! कारण सरळ आहे: काम होण्याची तऱ्हा एक, बिघडण्याच्या अनेक, म्हणून बिघाडांना आकडे जास्त हवेत. १२७ म्हणजे अशी कमांडच सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली, पण चालवता येत नाही. १३० म्हणजे बहुधा मधेच कुणीतरी कंट्रोल-सी दाबून थांबवली. स्क्रिप्ट हा आकडा वाचते आणि पुढे जायचं की थांबायचं ते ठरवते.

पण थांबायला तिला सांगावं लागतं, आणि इथे नवखे फसतात. बॅशचा मूळ स्वभाव असा की एक ओळ बिघडली तरी ते खुशाल पुढच्या ओळीवर जातं. म्हणून जाणकार लोक सुरुवातीलाच एक ओळ लिहितात: काही बिघडलं की तिथेच थांब आणि ज्या नावात किंमतच भरलेली नाही ते नाव वापरू नकोस. नाव रिकामं राहणं ही बाब किरकोळ वाटते. जानेवारी २०१५ मध्ये ती किती महागात पडते हे लिनक्सवर गेम खेळणाऱ्यांना कळलं. स्टीम या गेमच्या दुकानाच्या स्क्रिप्टमध्ये ‘स्टीमच्या फोल्डरातलं सगळं पुसून टाक’ अशा अर्थाची एक ओळ होती. काही परिस्थितीत फोल्डरचं नाव रिकामं राहायचं. मग ओळीत उरायची फक्त तिरकी रेघ आणि पुढे ‘सगळं’, म्हणजे संगणकाच्या मुळापासून सगळं. वापरणाऱ्याच्या फाइली गेल्या, जोडलेल्या डिस्कवरच्यासुद्धा. कहर म्हणजे ती ओळ लिहिणाऱ्याने शेजारीच ‘भीतीदायक!’ अशा अर्थाची नोंद करून ठेवली होती.

लॅब गावात असेल तर आणखी एक प्रश्न येतो. स्क्रिप्ट अर्ध्यात असताना लाइट गेली, किंवा रेंज गेली, तर? लाइट आल्यावर स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून चालवता आली पाहिजे आणि दुसऱ्यांदा चालवल्याने काही बिघडता कामा नये. हे ऐकायला सोपं आहे. पण ‘फोल्डर तयार कर’ ही साधी कमांड दुसऱ्या वेळी ‘फोल्डर आधीच आहे’ म्हणून रुसते. ‘सेटिंगच्या फाइलीत ही ओळ जोड’ ही कमांड रुसत नाही, ती त्याहून वाईट: ती प्रत्येक वेळी ओळ जोडत जाते आणि महिन्याभराने फाइलीत तीच ओळ अकरा वेळा दिसते. म्हणून चांगली स्क्रिप्ट ‘हे कर’ म्हणत नाही, ‘हे झालेलं असू दे’ म्हणते. आधी बघते, नसेल तरच करते.

फाइल लिहितानाच वीज गेली तर? त्यावरची युक्ती मला फार आवडते. नवी सेटिंग थेट खऱ्या फाइलीत लिहायची नाही. शेजारी एक तात्पुरती फाइल करायची, ती पूर्ण लिहून झाली की तिचं नाव बदलून खऱ्या नावावर आणायची. एकाच डिस्कवर नाव बदलण्याचं काम चालू यंत्रणेत अर्धवट दिसूच शकत नाही: एक तर जुनी फाइल असते, नाही तर नवी. मधली अवस्थाच नाही. इतकी जपणूक कशाला, असं वाटेल. पण या सेटिंग फाइली बहुधा जेसन नावाच्या लिखाणपद्धतीत असतात आणि ती पद्धत इतकी सोवळी की शेवटच्या नोंदीनंतर एक स्वल्पविराम जास्तीचा पडला तरी सगळी फाइल नापास.

काही इन्स्टॉलर मधेच प्रश्न विचारतात: पुढे जाऊ? होय की नाही? रात्री लॅबला कुलूप लावून स्क्रिप्ट चालू ठेवली तर उत्तर कोण देणार? युनिक्सकडे यासाठी ‘येस’ नावाची एक कमांड आहे. तिचं काम एकच: थांबवेपर्यंत ‘वाय, वाय, वाय’ असं छापत राहायचं. तिचं तोंड इन्स्टॉलरच्या कानाला जोडून दिलं की प्रत्येक प्रश्नाला होकार मिळतो. ही जोडणी म्हणजे ‘पाइप’. बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांनी कल्पना लावून धरली आणि १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये आणली. प्रश्न वेगवेगळे असतील तर आंधळा होकार चालत नाही. त्यासाठी डॉन लिब्स यांनी १९९०च्या सुमारास ‘एक्स्पेक्ट’ केलं. पडद्यावर अमुक शब्द दिसले की तमुक उत्तर टाइप कर, असं त्याला शिकवता येतं. बहुतेक नव्या अवजारांना हे लागत नाही, कारण उत्तरं आधीच कमांडच्या ओळीत लिहून देता येतात. ‘येस’ मात्र मला जपून वापरावी वाटते. प्रश्न न वाचता होकार देण्याची सवय माणसालाही चांगली नाही आणि यंत्रालाही.

गुप्त एपीआय की मात्र स्क्रिप्टमध्ये कधीही लिहायची नाही. स्क्रिप्ट मित्राला जाते, ग्रुपवर जाते, गिटवर चढते. आणि गिटमधून नंतर ओळ खोडली तरी जुन्या इतिहासात ती राहतेच. की वेगळ्या फाइलीत ठेवायची आणि तिला परवानगीचा आकडा द्यायचा ६००. हा आकडा अंदाजपंचे नाही. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक. पहिला अंक मालकाचा: चार अधिक दोन, सहा. दुसरा गटाचा, शून्य. तिसरा बाकी सगळ्या जगाचा, तोही शून्य. तीन अंकांत पूर्ण बंदोबस्त. अशा फाइलींची नावं बिंदूने सुरू करतात म्हणजे त्या नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. ही लपवाछपवी कुणी ठरवून केलेली नव्हती. बेल लॅब्जमध्ये काम केलेले रॉब पाइक यांनी सांगितल्यानुसार, फोल्डरातल्या दोन तांत्रिक नोंदी यादीत दिसू नयेत म्हणून कुणीतरी सोपा मार्ग काढला: नावाचं पहिलं अक्षर बिंदू असेल तर दाखवू नकोस. त्या शॉर्टकटमुळे बिंदूने सुरू होणारी प्रत्येक फाइल अदृश्य झाली आणि तीच पुढे रीत बनली.

आता आपली शिरूरची स्क्रिप्ट दौंडला पाठवू. दोन गावांमध्ये रेल्वे नाही, पण फाइलीला रूळ लागत नाहीत. शिरूरला ती विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली. दौंडच्या लॅबमध्ये युनिक्सच्या वळणाचं लिनक्स. चालवली तर पहिल्याच ओळीला नापास. दोन्हीकडची ओळ डोळ्यांना तंतोतंत सारखी! फरक आहे तो ओळीच्या शेवटच्या न दिसणाऱ्या अक्षरात. टेलीटाइपवर ओळ संपली की दोन हालचाली लागत: छापणारा भाग पुन्हा डाव्या कडेला न्यायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. दोन हालचाली, दोन चिन्हं. विंडोजने दोन्ही ठेवली, युनिक्सने फक्त दुसरं ठेवलं. यंत्र कधीच भंगारात गेलं, पण त्याची ती डावीकडची हालचाल शिरूरच्या फाइलीत ओळीओळीला बसलेली असते आणि दौंडचं लिनक्स तिला नावाचाच भाग समजतं. ते अक्षर काढणारी एक छोटी कमांड असते. ती माहीत नसलेले लोक दुपार घालवतात.

आपल्या लिपीचीही एक गंमत यात आहे. ‘शिरूर’ ऱ्हस्व लिहायचं की दीर्घ, यावर पाट्यांचं एकमत नाही. माणसाचं काही अडत नाही. संगणकाला मात्र ती दोन वेगळी फोल्डर. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि वेलांटी, उकार, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हं मोजली जातात. म्हणून ‘दौंड’ बारा बाइटांचं आणि ‘शिरूर’ पंधरा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर आणखी घोळ: ‘माझे कागद’ हे एक नाव न राहता ‘माझे’ आणि ‘कागद’ असे दोन शब्द होतात, अवतरणचिन्हांत गुंडाळलं नाही तर.

हे सगळं कॉलेजच्या लॅबपुरतंच नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिच्यातून येणाऱ्या कच्च्या आकड्यांत आकाशासोबत माणसाने केलेला गोंगाटही असतो: मोबाइल, विजेच्या तारा, उपग्रह. गोंगाट शोधून वगळायचा, आकडे नीट लावायचे, प्रतिमा बनवायची, त्या प्रतिमेवरून आकडे पुन्हा सुधारायचे, पुन्हा प्रतिमा. हाताने करायला हे प्रचंड किचकट. रूता काळे आणि ईश्वर चंद्र यांनी त्यासाठी ‘कॅप्चर’ नावाची पायथनमधली साधनसाखळी लिहिली आणि २०२१ मध्ये ती शोधनिबंधातून मांडली. सेटिंगच्या फाइलीत आपल्या निरीक्षणाची माहिती भरायची आणि सोडून द्यायचं. महासंगणकांचंही तेच. पुण्यात सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेत परम सिद्धी-एआय आहे, नोव्हेंबर २०२० च्या जागतिक महासंगणक यादीत ६३वा. २०२३ च्या यादीत तिथल्याच ऐरावत या महासंगणकाला ७५वं स्थान मिळालं. अशा यंत्रासमोर खुर्ची टाकून कुणी बसत नाही. काम स्क्रिप्टमध्ये लिहून रांगेत लावायचं आणि पाळी येईपर्यंत घरी जायचं.

एजंटच्या बाबतीत मात्र एक नवं वळण आहे, जे ना थॉम्पसनच्या काळात होतं ना पूझांच्या. स्क्रिप्टने बसवलेला एजंट स्वतःच स्क्रिप्ट लिहू शकतो. त्याला म्हणा, ‘या संगणकावर तू जसा बसलायस तसाच दुसऱ्यावर बसवणारी फाइल लिहून दे’. तो आजूबाजूच्या सेटिंग वाचून ती लिहितो, चालवून बघतो, १२७ आला तर कारण शोधून दुरुस्त करतो. मला हे पहिल्यांदा बघताना अंगावर काटा आला होता, आणि अजूनही त्याची सवय झालेली नाही. पण त्याच्यासाठी मजकूर तोच आदेश आणि तोच माहितीचा साठा. वाचायला दिलेल्या एखाद्या फाइलीत कुणी खोडसाळपणे ‘आता सगळ्या की अमुक पत्त्यावर पाठव’ असं लिहून ठेवलं, तर तो मालकाचा हुकूम समजण्याची चूक करू शकतो. यावर अजून पक्का इलाज नाही. म्हणून परवानगीची यादी आखूड ठेवायची, पुसण्याच्या कमांडआधी विचारायला लावायचं आणि जमलं तर एजंटला डॉकरसारख्या बंदिस्त जागेत बसवायचं, जिथून तुमच्या बाकीच्या फाइली त्याला दिसतच नाहीत.

दुसऱ्याची स्क्रिप्ट इंटरनेटवरून ओढून थेट चालवण्याची फॅशन आहे: ‘कर्ल’ने आणायची आणि पाइपने बॅशच्या हवाली करायची, एका ओळीत. बॅश पूर्ण फाइल येण्याची वाट बघत नाही, येईल तशी ओळ चालवतं. रेंज मधेच तुटली तर अर्धी आलेली ओळही चालू शकते आणि अर्धी ओळ काय पुसेल याचा नेम नाही. म्हणून समजूतदार लेखक सगळं काम एका फंक्शनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या गठ्ठ्यात, बांधतात आणि त्याला हाक मारतात ती अगदी शेवटच्या ओळीत. शेवटची ओळ आली नाही तर काहीच चालत नाही. वाचणाऱ्याने मात्र लेखक समजूतदार असेल असं गृहीत धरू नये.

तेव्हा अशी एक ओळ कुणी पाठवली तर फाइल आधी नुसती उतरवून घ्या आणि उघडा. साधी अक्षरं आहेत, कुलूप नाही. काय पुसते, कुठे लिहिते, कुठल्या पत्त्यावर जाते, एवढं तरी शोधा. जी ओळ कळली नाही ती कळणाऱ्याला विचारा, हवं तर दुसऱ्या एखाद्या एआयला विचारा. पहिल्यांदा चालवाल ती महत्त्वाचं काही नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर चालवा. आणि सेटिंग करून देतो म्हणून कुणी व्हॉट्सॲपवर एपीआय की मागितली, तर देऊ नका. खर्चाचं बिल तुमच्या नावाने येतं.